आठ महिने झाले नशा सुटून, तरी भाऊ पूर्वीसारखा का होत नाही?

एका ताईंचा प्रश्न आहे. धाकटा भाऊ २७ वर्षांचा. अकरावीत असताना गांजा सुरू झाला, पुढे जवळजवळ रोजचा. नोकरी लागल्यावर तीन वर्षं एमडी (मेफेड्रोन, एक उत्तेजक नशा), शिवाय पार्ट्यांमध्ये 'इतर काहीबाही'. गेले आठ महिने सगळं बंद आहे, अशी घरच्यांची खात्री आहे. पण सांगितलेलं लक्षात राहत नाही, कशात मन लागत नाही, तासन्‌तास पडून असतो. आणि दोन महिन्यांपासून 'समोरच्या बिल्डिंगमधले माझ्यावर नजर ठेवतात' असं म्हणून खिडकी लावून घेतो. मेंदू कायमचा बिघडला का? एमआरआय काढावा का?

ताई, मी शेवटाकडून सुरुवात करतो, कारण तुमच्या प्रश्नातली सगळ्यात तातडीची गोष्ट तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिली आहे. खिडकीची. विसरभोळेपणाला आणि मरगळीला वेळ देता येतो. संशयाला वेळ देऊ नका. याच आठवड्यात त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. 'कुणीतरी मला अमुक कर असं सांगतंय' किंवा 'जगण्यात अर्थ नाही' असं काही बोलला, तर आठवड्याचीही वाट बघू नका, त्याच दिवशी न्या.

एवढी घाई का, ते सांगतो. एमडी घेणाऱ्यांमध्ये संशय आणि भास मी नेहमी बघतो. एमडीचा अंमल दोन-तीन तासांत उतरतो, म्हणून एका रात्रीत पुन्हा पुन्हा घेतलं जातं आणि दोन-दोन, तीन-तीन दिवस झोप नसते. अशा अवस्थेत मुलं दाराला कान लावून बसतात, मोबाइल फोडतात, आईने दिलेलं पाणीसुद्धा पीत नाहीत. पण अंगातून उतरलं आणि दोन-चार रात्री झोप झाली की बहुतेकांचा संशय मावळतो. महिना उलटूनही टिकला तर आम्ही सावध होतो. सहा महिन्यांनंतर तर 'नशेचा परिणाम आहे, जाईल' असं म्हणून सोडून देतच नाही. तुमच्या भावाचा संशय सुरूच झाला तो सहा महिने स्वच्छ गेल्यावर. याचे दोनच सरळ अर्थ निघतात. एक तर मधे त्याने पुन्हा काहीतरी घेतलं आहे, ज्यासाठी लघवीची तपासणी करावी आणि न ओरडता त्याला विचारावं. नाहीतर सायकोसिस, म्हणजे वास्तवाशी धागा तुटण्याचा आजार, आता स्वतःच्या पायावर उभा राहतोय.

गांजा आणि या आजाराचं नातं पहिल्यांदा ठळकपणे दिसलं ते स्वीडनमध्ये. १९६९-७० साली लष्करात भरती झालेल्या ४५ हजारांवर तरुणांची पंधरा वर्षांची नोंद तपासली गेली आणि निष्कर्ष १९८७ मध्ये छापून आले. भरतीच्या वेळी पन्नासपेक्षा जास्त वेळा गांजा ओढलेला होता, त्यांना स्किझोफ्रेनिया, म्हणजे दीर्घकाळ चालणारा सायकोसिसचा आजार, होण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट निघालं. हा आकडा ऐकून घाबरू नका. मूळ प्रमाण शंभरात एकाच्या आसपास, त्याच्या सहापट. म्हणजे खूप ओढणाऱ्यांतल्याही बहुसंख्यांना हा आजार होत नाही. पण एकदा नशेमुळे सायकोसिस होऊन गेला असेल, तर गणित बदलतं. डेन्मार्कमधल्या अशा रुग्णांची वीस वर्षं नोंद ठेवली गेली. त्यांतल्या सुमारे ३२ टक्क्यांना पुढे स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार झाला. गांजामुळे सायकोसिस झालेल्यांमध्ये हे प्रमाण ४७ टक्के होतं. म्हणून मला जाणून घ्यायचं आहे की एमडीच्या त्या तीन वर्षांत असा एखादा प्रसंग घडला होता का. कदाचित तो तुमच्यापासून लपवला गेला असेल.

आणखी एक विचारायचं असतं, आणि आपल्या घरांमध्ये त्याचं खरं उत्तर मिळवायला मला दोन-तीन भेटी लागतात. नात्यात कुणाला असा आजार होता का? पहिल्या भेटीत 'छे, आमच्याकडे कुणालाच नाही' असंच येतं. मग कधीतरी मामांचा विषय निघतो, जे लग्नानंतर वर्षभरात घर सोडून गेले, किंवा आत्याचा, जी स्वतःशीच बोलायची म्हणून तिला गावाकडे ठेवलं होतं. ही माहिती दडवू नका. त्यात कुणाची बदनामी नाही. औषध किती लवकर सुरू करायचं आणि किती काळ चालू ठेवायचं, हे त्यावर ठरतं.

औषधांबद्दल प्रत्येक घरात एकच भीती असते: 'एक नशा सुटली आणि आता या गोळ्यांची सवय लागेल.' सायकोसिसवरच्या गोळ्यांची तलफ लागत नाही. त्यांचे त्रास आहेत, वजन वाढतं, सुस्ती येते, कधी हात-पाय आखडल्यासारखे होतात. ते डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घेता येते. पण बरं वाटलं म्हणून परस्पर बंद करू नका. आजार अंगावर जितका जास्त काळ काढला जातो, तितकं पुढे सावरणं जड जातं.

तोपर्यंत घरात काय बोलायचं? 'वेडा आहेस का, कोण बघतंय तुझ्याकडे!' असं म्हटलं की तो तुम्हालाही त्या बिल्डिंगवाल्यांत धरतो. 'हो रे, बघतात खरे' म्हणणंही चुकीचं. 'मला तसं कुणी दिसत नाही, पण तुला भीती वाटतेय हे मला कळतंय' एवढंच म्हणा आणि शेजारी बसा. डॉक्टरांकडे न्यायचं तेही झोपेसाठी, भीतीसाठी म्हणून न्या. ते खोटंही नाही.

आता मरगळीकडे येतो, कारण तुमचा 'कायमचा' हा शब्द खरा तिथे लागतो.

रोज ठेचा-भाकरी खाणाऱ्याच्या पुढे वरणभात ठेवला तर तो सपक लागतो. वरणात खोट नसते, जिभेला तिखटाची सवय झालेली असते. मेंदूत आनंदाचा, हुरूपाचा निरोप पोहोचवणारं डोपामिन नावाचं रसायन असतं. एमडी, मेथ (मेथॲम्फेटामिन), कोकेन यांच्यासारखे उत्तेजक पदार्थ त्याचा पूर आणतात. तो पूर वर्षानुवर्षं येत राहिला की मेंदू आपली दारं बंद करून घेतो, डोपामिन टिपणारी केंद्रं कमी करतो. मग नशा थांबते, पण दारं लगेच उघडत नाहीत. भाच्याचं बोबडं बोलणं, सामना, आईच्या हातचं श्रीखंड, कशाचीच चव पोहोचत नाही. त्याला 'आळशी' म्हणणं म्हणजे प्लास्टरमधल्या पायाला 'चालत का नाहीस' विचारण्यासारखं आहे.

ती दारं उघडतात का? उघडतात, पण सावकाश. अमेरिकेतल्या संशोधक नोरा वोल्को यांच्या गटाने २००१ मध्ये मेथ सोडलेल्या लोकांचे मेंदूचे स्कॅन प्रसिद्ध केले. नशा सोडल्यावर थोड्याच काळाने एक आणि वर्ष-सव्वा वर्षाने दुसरा. डोपामिन वाहून नेणारी प्रथिनं दुसऱ्या वेळी बऱ्यापैकी वाढलेली होती. रुग्ण मोजकेच होते, आणि स्मरणशक्तीच्या व हालचालींच्या चाचण्यांत मात्र तितकी सुधारणा दिसली नाही. एमडी हे मेथच्याच दूरच्या कुळातलं, म्हणून मी माझ्या रुग्णांना हाच हिशेब सांगतो: महिन्यात नाही, वर्षात मोजायचं. आठ महिने म्हणजे अजून अर्धी वाट.

मेथ दीर्घकाळ घेणाऱ्यांना पुढे पार्किन्सनचा, म्हणजे कंपवाताचा, धोका वाढतो, हे कॅलिफोर्नियातल्या रुग्णालयांच्या नोंदींवरून २०१२ मध्ये पुढे आलं. धोका ७६ टक्क्यांनी जास्त निघाला. पण तरुणपणी मुळातला धोकाच इतका कमी असतो की आज त्याच्या चिंतेने रात्र घालवण्याचं कारण नाही. कोकेन आणि एमडीसारख्या उत्तेजकांनी तिशीतल्या मुलांना पक्षाघात आणि फिट येतात, ते मी पाहिलंय. ते झालेलं नाही, हीसुद्धा जमेची बाजू आहे.

विसरण्याबद्दल. माझ्याकडे एक मुलगा यायचा, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलतो. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान. गिऱ्हाईक म्हणायचं, 'पाऊण इंची दोन एल्बो, एक टेफ्लॉन टेप, अर्धा इंची नळ.' हा मागच्या रॅककडे जायचा आणि नुसता टेप घेऊन परत यायचा. वडील गिऱ्हाइकासमोरच म्हणायचे, 'याचा मेंदू सडलाय.' तपासल्यावर कळलं की त्याची जुनी आठवण शाबूत होती. दुकानातला प्रत्येक माल कुठल्या खणात आहे ते डोळे मिटून सांगायचा. गडबड होती ती तीन गोष्टी एका दमात डोक्यात धरून ठेवण्यात. आम्ही खिशात छोटी वही आणि पेन ठेवायला लावलं. गिऱ्हाइकाने सांगितलं की लिहायचं, मोठ्याने वाचायचं, मग उठायचं. सुरुवातीला त्याला लाज वाटायची. सहा महिन्यांनी वही लागायची ती पाच-सहा वस्तू असल्या तरच. सव्वा वर्षाने वडील एकटेच आले आणि म्हणाले की दुपारी मी आता घरी झोपायला जातो, गल्ला तोच सांभाळतो.

गांजाच्या बाबतीत तर मी जास्त आशा देतो. ज्या केंद्रांवर गांजा काम करतो, ती रोज ओढणाऱ्यांमध्ये कमी झालेली असतात, पण सुमारे चार आठवडे बंद ठेवल्यावर भरून येतात, असं स्कॅनमध्ये दिसलं आहे. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा आयुष्यभर पाठपुरावा चालू आहे. किशोरवयात सुरू करून वर्षानुवर्षं ओढत राहिलेल्यांचा बुद्ध्यांक ३८ व्या वर्षापर्यंत आठ गुणांपर्यंत घसरला, असं त्यांनी २०१२ मध्ये मांडलं. पुढे जुळ्यांवर झालेल्या अभ्यासात मात्र गांजा ओढणारा आणि न ओढणारा जुळा भाऊ यांच्यात तसा फरक सापडला नाही, म्हणजे घर आणि अनुवंश यांचाही त्यात वाटा होता. वाद मिटलेला नाही. मला त्यातून घ्यायचं ते एवढंच, की सुरुवात कुठल्या वयात झाली याला महत्त्व आहे. मेंदूचा पुढचा भाग, जो सारासार विचार करतो, आवर घालतो, तो विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. तुमच्या भावाने सोळा-सतराव्या वर्षी सुरुवात केली, ही बाजू जड आहे. सत्ताविसाव्या वर्षी सोडलं, ही बाजू हलकी आहे.

आता एमआरआय. बहुतेक वेळा तो नॉर्मल येतो. मग घरचे म्हणतात, 'बघा, काही झालेलं नाही, नाटक करतोय.' वर सांगितलेले बदल साध्या एमआरआयमध्ये दिसतच नाहीत. पहिल्यांदाच सायकोसिसची लक्षणं आली, फिट आली, एका बाजूची ताकद गेली, चालताना तोल जायला लागला, तर मात्र डॉक्टर सांगतील तसा जरूर करावा. त्याआधी रक्तातलं बी-१२, थायरॉइड, साखर, आणि सुई कधी टोचली असेल तर एचआयव्ही व कावीळ बी, सी या तपासण्या जास्त उपयोगाच्या. इंटरनेटवर नशेने मेंदूला 'भोकं' पडल्याची रंगीत चित्रं फिरतात. ती रक्तपुरवठ्याची चित्रं असतात, खरी भोकं नसतात. भीती घालण्याच्या भरात विज्ञानाचीही चूक होते. २००२ मध्ये एका नामांकित नियतकालिकात छापून आलं की एक्स्टसी या पार्टीतल्या गोळीच्या एका रात्रीपुरत्या डोसनेही माकडांच्या मेंदूतली डोपामिनची यंत्रणा उद्ध्वस्त झाली. वर्षभरात तो लेख मागे घ्यावा लागला, कारण बाटल्यांवरच्या लेबलांची अदलाबदल होऊन माकडांना प्रत्यक्षात मेथ दिलं गेलं होतं. मुलांना अशी एक चूक सापडली की ती आपलं बाकीचंही ऐकत नाहीत. म्हणून जेवढं खरं, तेवढंच सांगावं.

पण 'पार्टीत इतर काहीबाही' हे तुम्ही ओझरतं लिहिलंत, तिथे मला थांबायचं आहे. मेंदूची आणि मज्जारज्जूची खरीखुरी, डोळ्यांना दिसणारी झीज मी पाहिली आहे, ती बहुतेक अशाच काहीबाहीतून.

लंडनला शिकायला गेलेला एक मुलगा सुट्टीत पुण्याला आला तो भिंत धरून. पायांना मुंग्या, जमीन कापसासारखी लागते म्हणाला. मी विचारलं, सकाळी तोंड धुताना काय होतं? म्हणाला, डोळ्यांना साबण लागला, डोळे मिटले की बेसिनवर आदळतो. हे वाक्य ऐकलं की आम्हाला जवळजवळ निदान मिळालेलं असतं. पाय कुठे आहेत हा निरोप मज्जारज्जूच्या मागच्या भागातून वर जातो. तो तुटला की माणूस डोळ्यांच्या आधारावर उभा राहतो, आणि डोळे मिटले की पडतो. तो वीकेंडला फुग्यांतून नायट्रस ऑक्साइड ओढत होता. हा वायू शरीरातलं बी-१२ निकामी करतो, आणि हा मुलगा जन्मापासून शाकाहारी, म्हणजे बी-१२ ची आधीच तूट. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ पासून नशेसाठी हा वायू बाळगणं गुन्हा आहे, पण तोवर तो तिथे मुलांना निरुपद्रवी खेळ वाटायचा. लवकर आला म्हणून बी-१२ च्या इंजेक्शनांनी आणि वायू बंद केल्याने चार-पाच महिन्यांत चालू लागला. तळपायांची बधिरता थोडी राहिलीच. तुमच्या भावाने फुगे ओढले असतील आणि पायांना मुंग्या असतील, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

व्हाइटनर, पंक्चरचं सोल्युशन, थिनर हुंगणारी स्टेशनांवरची मुलं सगळ्यांनी पाहिली आहेत, रुमाल मुठीत धरून नाकाशी नेणारी. त्यातलं टोल्युइन मेंदूतल्या पांढऱ्या भागाला, म्हणजे तारांवरच्या आवरणाला खातं. बोलणं जड होतं, हात थरथरतात, तोल जातो, आणि हे सगळं पूर्णपणे भरून येत नाही. गर्द, म्हणजे हेरॉइन, पन्नीवर ओढणाऱ्यांतही असाच एक विरळा पण भयंकर आजार होतो, तो १९८२ मध्ये ॲमस्टरडॅमहून पहिल्यांदा नोंदवला गेला. गर्दचा डोस जास्त होऊन श्वास मंदावला आणि मेंदूला ऑक्सिजन कमी पडला, तर वाचलेला माणूसही नंतर वेगळाच झालेला असतो.

आणि पुडीत काय आहे, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. १९८२ मध्येच कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी एकाएकी पुतळ्यासारखे गोठले. डोळे उघडे, शुद्ध जागी, पण हलता येईना, बोलता येईना. म्हाताऱ्यांचा पार्किन्सन विशी-तिशीत, आणि तो काही दिवसांत. विल्यम लँगस्टन या डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा कळलं की घरगुती प्रयोगशाळेत बनवलेल्या हेरॉइनसदृश मालात चुकून एमपीटीपी नावाचं रसायन तयार झालं होतं, आणि त्याने डोपामिन बनवणाऱ्या पेशीच मारल्या होत्या. लॅटव्हियामध्ये पोटॅशियम परमँगनेट वापरून एमडीच्याच कुळातला पदार्थ घरी बनवून टोचणाऱ्यांच्या मेंदूत मँगनीज साचलं आणि त्यांचं चालणं-बोलणं गेलं. आपल्याकडे एमडी फेब्रुवारी २०१५ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं, आणि २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना पकडला. तो चोरटा माल कुठली कसोटी लावून बाहेर पडत नाही.

झोपेच्या गोळ्यांबद्दलही विचारा. मालेगावकडे 'कुत्ता गोळी' म्हणतात ती अल्प्राझोलाम, मुंबईत 'बटन' म्हणतात त्या त्याच जातीच्या. एमडी उतरवायला पुष्कळ मुलं त्या घेतात, आणि घरचे ते नशेत धरत नाहीत. त्या चालू असतील तर एकदम बंद करू नका, फिट येते. डॉक्टर हळूहळू कमी करतील.

आणि 'आता बरा झालाय, एखादी बिअर चालेल', 'इतक्या दिवसांनी एक जॉइंट' हे नको. जपानमध्ये महायुद्धानंतर मेथचं व्यसन लाखोंना लागलं होतं, तिथल्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवलंय की एकदा सायकोसिस होऊन गेलेल्यांमध्ये वर्षांनंतर थोड्याशा डोसने, कधी नुसत्या जागरणाने आणि ताणानेही तोच संशय पुन्हा उसळला. म्हणून तुमच्या भावासाठी रात्रीची झोप हे औषधच समजा. रात्रपाळीची नोकरी सध्या टाळा. सकाळी चालणं, घरातलं एखादं ठरलेलं काम, जवळच्या नार्कोटिक्स ॲनॉनिमस या, नशा सोडणाऱ्यांच्या आधारगटाच्या मीटिंगा. पुण्यात १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं तेव्हापासून महाराष्ट्रातल्या आम्हा सगळ्यांना जे शिकायला मिळालं, ते म्हणजे माणूस केंद्रातून बाहेर पडल्यावर पुढची दोन-तीन वर्षं त्याच्या आणि घरच्यांच्या मागे कुणीतरी राहावं लागतं. घरात 'गर्दुल्ला', 'चरसी' हे शब्द बंद करा. तो आता नाही, आणि होता तेव्हाही ते त्याचं नाव नव्हतं.

पोलिसांची भीती धरून डॉक्टरांपासून काही लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याची माहिती गुप्त ठेवणं आमच्यावर बंधनकारक आहे, आणि अमली पदार्थांच्या कायद्यातही स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला ६४ अ कलमाचं संरक्षण आहे. रात्री-अपरात्री घाबरलात तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलतात.

भेटीला येताना एक कागद आणा. कुठल्या वर्षी काय सुरू झालं, किती, शेवटचं कधी घेतलं, झोप कधीपासून बिघडली, खिडकी पहिल्यांदा कधी लावून घेतली. तुम्ही लिहा आणि त्यालाही वाचायला द्या, चुकलं असेल तिथे त्याने स्वतःच्या हाताने दुरुस्त करू दे. 'सहज फिरायला जाऊ' म्हणून फसवून आणू नका. ज्याला आधीच वाटतंय की सगळे आपल्याविरुद्ध काही रचताहेत, त्याच्यासाठी गाडी दवाखान्यासमोर थांबली की तुम्हीही त्यातल्याच झालात.